तीन पायऱ्यांचा अर्ज

वनस्पतिशास्त्र विभागाच्या हेडक्लार्कचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळं विद्यापीठ त्यांना दुप्पटराव म्हणायचं, तेही तोंडावर, आणि ते मान डोलवून ओ द्यायचे. नाव त्यांनी कमावलेलंच होतं. इमारत विभागाकडे काहीही मागायचं असेल तर दुप्पट मागायचं, हा त्यांचा नियम. नियमाला कारणही तसंच होतं. इमारत विभागातले जुने इंजिनियर अर्ज हातात पडला की चष्मा लावायच्या आधी लाल पेन काढायचे आणि जे काही मागितलं असेल ते निम्मं करून मोकळे व्हायचे. चार खिडक्या मागा, दोन मिळतील. आठ पंखे मागा, चार मिळतील. एका भाबड्या प्राध्यापकांनी एकदा खरोखर एक बेसिन हवं होतं म्हणून एकच बेसिन मागितलं. बेसिन आलं, नळ आला नाही. त्या बेसिनमध्ये विभागातली माणसं आजही छत्र्या ठेवतात, आणि कोणी नवीन रुजू झालं की दुप्पटराव त्याला आधी ते बेसिन दाखवायला नेतात.

तर अशा या विभागात मावशींना एक लोखंडी दांडा हवा होता.

मावशी म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा जो मोठा संग्रह तिथे होता, त्याच्या परिचर. वाळलेलं झाड जाड कागदावर नीट पसरायचं, चिकटवायचं, देठ दोऱ्याने टाचायचा, कोपऱ्यात चिठ्ठी लावायची आणि कागद कपाटात रचून ठेवायचा, हे काम त्या एकतीस वर्षं करत होत्या. रुजू झाल्या होत्या खरं तर झाडू मारायला. पण पहिल्याच वर्षी गवतबाईंनी त्यांची बोटं पाहिली आणि झाडू दुसऱ्याच्या हातात दिला.

गवतबाईंचं आयुष्य गवतात गेलं होतं. विभागात शिकवायच्या तेव्हाही गवत, सुट्टीत माळावर हिंडायच्या तेही गवतासाठी. विद्यार्थी मागून त्यांना गवतबाई म्हणायचे आणि समोर नुसतं बाई. निवृत्त होऊन त्यांना एकवीस वर्षं झाली होती, वय एक्याऐंशी, तरी रोज सकाळी साडेदहाला भाचा कामावर जाता जाता त्यांना इमारतीच्या दारात सोडायचा. संग्रहात गवताची अकरा कपाटं होती. त्यातले कित्येक कागद शंभर वर्षांचे, कुणावर नाव नाही, कुणावर चुकीचं नाव. बाई भिंग घेऊन बसायच्या, एकेक कागद उघडायच्या, विचार करायच्या आणि बारीक अक्षरात खरं नाव लिहून ठेवायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. सात कपाटं झाली होती, चार राहिली होती. त्या चार कपाटांतलं गवत ओळखेल असं दुसरं माणूस विद्यापीठात नव्हतं. असलंच तर मावशी होत्या, पण त्यांना कोण विचारतो!

आणि या सगळ्याच्या आड येत होत्या तीन पायऱ्या. मोजून तीन. इमारतीच्या पुढच्या दाराला त्या होत्या, आणि बाईंच्या गुडघ्यांना त्या पुरून उरत. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी मधल्या पायरीवर बाईंचा तोल गेला. मावशी दारातच होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून साडेदहाच्या ठोक्याला मावशी पायरीशी उभ्या राहू लागल्या. कोपरात हात वाकवून धरायचा, बाईंनी त्यावर पंजा टेकायचा. पहिली पायरी. दुसरी पायरी. दुसरीवर जरा दम घ्यायचा, आणि तेवढ्यात मावशी विचारायच्या, "बाई, झोप लागली का?" बाई म्हणायच्या, "लागली." मग तिसरी पायरी. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं, मावशींच्या अंगात ताप असतानाही.

आता दोन महिन्यांनी मावशी निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा भरायची नाही, असं पत्र वरून आधीच आलं होतं. मग पायरीशी उभं कोण राहणार? विद्यार्थी चांगले होते, पण विद्यार्थी अकराच्या आधी फिरकत नाहीत. रखवालदार मागच्या फाटकावर. भाच्याची गाडी धड थांबतही नसे. आणि बाई म्हणजे कुणाला हाक मारतील, हात द्या म्हणतील, अशातल्या मुळीच नव्हत्या. त्या एकट्या चढायला जातील आणि एक दिवस पडतील, हे मावशींना डोळ्यांसमोर दिसत होतं. या वयात मांडीचं हाड मोडलं म्हणजे काय होतं, हे त्यांनी आपल्या सासूच्या वेळी घरात पाहिलं होतं. म्हणून आपण नसताना हाताला धरायला एक दांडा हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"एक दांडा?" दुप्पटराव म्हणाले. "मावशी, एकतीस वर्षं या इमारतीत काढलीत ना तुम्ही? बेसिन विसरलात?"

"अहो, पण दांड्याचं निम्मं काय करतील?"

"दीड पायरीपर्यंत लावतील! या लोकांचा काही नेम आहे?" त्यांनी ड्रॉवरमधून अर्जाचे तीन कागद काढले, मधे कार्बन घातला आणि बाह्या सरसावल्या. "दांडा हवाय ना? मग मागायचा रॅम्प. दोन्ही बाजूंना कठडे. दार रुंद. पुढे ओटा. ते रॅम्प कापतील, ओटा कापतील, दार कापतील, आणि शेवटी लाज वाटून एक कठडा तेवढा ठेवतील. तो आपला दांडा."

मावशींना हे पटलं नाही, पण त्यांच्या पटण्या न पटण्याने विभागात कधी काही झालं नव्हतं. अर्जात 'लाभार्थींची संख्या' असा एक रकाना होता.

"एक," मावशी म्हणाल्या.

दुप्पटरावांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि लिहिलं, पंचवीस. 'अर्जदार' या शब्दापुढे मावशींनी सही केली, विभागप्रमुखांनी न वाचता केली, आणि अर्ज गेला.

इथे एक गोष्ट दुप्पटरावांच्या कानावर आली नव्हती, किंवा आली असेल तरी त्यांनी मनावर घेतली नव्हती. इमारत विभागातले जुने इंजिनियर गेले होते आणि नवे आले होते. नवे इंजिनियर वयाने तिशीतले, अंगाने काटकुळे, आणि त्यांच्यात एक खोड होती. ते अर्ज वाचत.

आठवडाभरात ते स्वतः येऊन हजर झाले. दुप्पटरावांनी उभ्या जन्मात इमारत विभागाचा माणूस न बोलावता आलेला पाहिला नव्हता. इंजिनियर पायरीवर उकिडवे बसले, तिन्ही पायऱ्या मोजल्या, परत मोजल्या आणि म्हणाले, "पहिली सात इंच, तिसरी सात इंच, मधली साडेआठ. ही कोणी बांधली? इथे माणूस अडखळणारच."

मावशींना भरून आलं. नऊ वर्षं त्या बाईंच्या गुडघ्यांना दोष देत होत्या, आणि चूक गवंड्याची निघाली. त्याच क्षणी सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं, की साहेब, रॅम्प नको, फक्त दांडा द्या. पण शेजारी दुप्पटराव उभे होते आणि ते इतके सराईतपणे खोकले की मावशींनी शब्द गिळले.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. मावशींच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. दुप्पटरावांनी ते उघडलं, वाचलं, आणि खुर्चीत टेकून बसले.

"मंजूर," ते म्हणाले.

"दांडा?"

"सगळं. रॅम्प, दोन कठडे, रुंद दार, ओटा. जसंच्या तसं." त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी त्यांच्याच घरात त्यांना पाहुणा म्हणून बसवलं असावं. "असं कधी झालेलं नाही. मावशी, हे काहीतरी चुकलंय."

बातमी फुटली. विभागप्रमुखांनी सर्वांना चहा सांगितला. चहाचे कप फिरत असताना मावशींनी पत्राचं दुसरं पान उलटलं. कामाचा अवधी आठ महिने. पुढचं दार फोडावं लागणार, आणि इमारतीला दुसरं दार नसल्यामुळे नियमाप्रमाणे तोवर इमारतीत कुणाला बसता येणार नाही. सबब येत्या वीस तारखेपासून विभाग जुन्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर हलवण्यात यावा. संग्रह खोक्यांत बंद करून मोहोर लावून ठेवावा.

जुन्या वसतिगृहाला लिफ्ट नव्हती. मावशींनी मनातल्या मनात जिने मोजले. बावन्न पायऱ्या.

तीन पायऱ्यांसाठी गेलेला अर्ज बावन्न पायऱ्या घेऊन परत आला होता. मावशींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

बाईंना सांगायला हवं होतं, आणि ते काम दुसरं कोणी करणार नव्हतं. बाई खिडकीशी बसल्या होत्या, आठव्या कपाटाचा पहिला गठ्ठा समोर. मावशींनी सगळं सांगितलं. फक्त अर्ज कोणाचा होता, ते सांगितलं नाही.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "आठ महिने म्हणतात म्हणजे वर्ष धरायचं," त्या म्हणाल्या. मग बोटांवर मोजलं. "मला एका कपाटाला सहा महिने लागतात. चार कपाटं म्हणजे दोन वर्षं. मी तेवढाच हिशेब धरला होता गं. मधे एक वर्ष घालवायला माझ्याकडे नाही."

मावशींनी टेबलावरच्या चिठ्ठ्या उगाच सारख्या केल्या.

"पण रॅम्प व्हायलाच हवा होता," बाई पुढे म्हणाल्या. "तो कुबड्यावाला मुलगा आहे ना, दुसऱ्या वर्षाचा? त्याला त्या पायऱ्यांवर चढताना पाहिलं की माझा जीव वरखाली होतो. ज्याला हे सुचलं, त्याचं भलं होवो. माझ्या उपयोगाचा नाही झाला, तरी चांगला आहे." आणि त्यांनी भिंग पुन्हा उचललं, कारण वीस तारखेपर्यंत जेवढे कागद होतील तेवढे करायचे होते.

मावशींना कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या घरी गेल्या तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता. त्यांचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. पायांनी मशीन चालवत ते अर्धं ऐकत आणि अर्धं शिवत, पण आज त्यांनी मशीन थांबवलं.

"थांब," ते म्हणाले. "तुला हवा होता एक दांडा. तू मागितलास वाडाभर रॅम्प. का?"

"ते निम्मं करतात म्हणून."

"म्हणजे तुम्ही ढगळ शिवायचं, त्यांनी कापायचं, आणि कपडा कधीतरी अंगाला बसेल म्हणून सगळ्यांनी वाट बघायची." त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्याकडे एखाद्याने असं गिऱ्हाईक पाठवलं तर मी त्याला दुकानाच्या बाहेर काढीन. अगं, तुमच्यात माप म्हणून कोणी सांगतच नाही का?"

"नाही सांगत," मावशी म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "आणि अर्ज माझ्या सहीचा आहे हो. बाई त्याचं भलं होवो म्हणाल्या."

त्यांना रडताना बघायची यजमानांना सवय नव्हती. ते उठले, पाण्याचा तांब्या आणला, तो नुसताच हातात धरून उभे राहिले. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी मावशींच्या पिशवीत टाकली. "उद्या त्या साहेबाकडे जा. खरं माप सांग. फार तर रागावेल. तीन आठवड्यांनी तू निवृत्त होणार, आता तो तुझं काय वाकडं करणार आहे?"

दुसऱ्या दिवशी बाईंना हात देऊन आत बसवल्यावर मावशी इमारत विभागात गेल्या. आधी बाहेरच्या कारकुनाने त्यांना अडवलं. काय काम आहे?

"मंजूर झालेलं कमी करून घ्यायचंय."

कारकुनाने तीन ड्रॉवर उघडून बघितले. वाढीव मागणीचा नमुना होता, तातडीच्या मागणीचा होता, मागणी हरवल्याबद्दल पुन्हा मागणी करायचाही होता. "कमी करण्याचा नमुना नाही आपल्याकडे," तो म्हणाला. "कोणी मागितलाच नाही आजवर." आणि कुतूहलाने त्याने स्वतःच साहेबांचं दार उघडून दिलं.

मावशी उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं बोलून गेल्या. बाई, गुडघे, महिनाअखेर, दांडा, दुप्पटरावांचा नियम, बेसिन. रकान्यातला पंचवीसचा आकडासुद्धा सांगितला. इंजिनियर ऐकत होते, आणि बेसिनपर्यंत आल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे सगळेच विभाग दुप्पट मागतात?"

"सगळेच. तुमच्या आधीच्या साहेबांमुळे सवय झालीय."

त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला. "भौतिकशास्त्राला सहा स्वच्छतागृहं हवीत म्हणून लिहिलंय."

"तीन हवीत."

"प्राणिशास्त्राला बारा पिंजरे."

"ते मला नाही माहीत," मावशी प्रामाणिकपणे म्हणाल्या, "पण प्राणी सहाच आहेत."

इंजिनियर हसले नाहीत. ते खरंच दुखावले होते. "मला वाटायचं, माणूस मागतोय म्हणजे त्याला लागत असणार," ते म्हणाले. "मी चार महिने या लोकांसाठी भांडतोय वरती. रात्र रात्र आराखडे करतोय. आणि सगळे मला अर्धं खोटं सांगतायत." त्यांचा आवाज तरुण होता आणि राग आल्यावर आणखीच तरुण वाटत होता. "तुम्हीसुद्धा, मावशी. मी पायऱ्या मोजत होतो तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात."

"होते," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं. मला शिक्षा करा. पेन्शन अडकवा हवं तर. पण त्या खोक्यांना मोहोर लावू नका. बाईंना दोनच वर्षं हवी आहेत हो. फार नाही मागत."

इंजिनियरांनी पेन पुन्हा उचललं. मग सावकाश म्हणाले, "रॅम्प मी रद्द करणार नाही. मी त्या पायरीवर बसलो होतो तेव्हा एक मुलगा कुबड्या घेऊन आला. बघवलं नाही मला. तुमचा आकडा पंचवीस खोटा असेल, पण एकसुद्धा खोटा आहे."

मावशींनी मान खाली घातली, कारण ते बरोबर होतं आणि बाईही तेच म्हणाल्या होत्या. पुढच्या दाराला रॅम्प म्हणजे आठ महिने, इमारतीला दार एकच, म्हणजे... आणि इथे त्यांचं मन अडखळलं. त्यांनी मान वर केली.

"साहेब, दार एकच आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आराखड्यात एकच आहे. मी आतून फिरून पण पाहिलं."

"बियांच्या खोलीत गेला होतात? तिथे मोठं करड्या रंगाचं कपाट आहे ना, भिंतीला टेकलेलं? ते भिंतीला नाही टेकलेलं. दाराला टेकलंय. मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी ठेवलं, वारा येतो म्हणून. कपाट रिकामं आहे, फक्त कोणी हलवत नाही. तीस वर्षं त्याच्यामागचं झाडून काढता येत नाही म्हणून माझीच चिडचिड होते, मला नाही कळणार?"

"आणि दाराबाहेर?"

"जमीन. मागच्या बाजूला चढ आहे. दार उघडलं की वीतभर खाली पाय ठेवायचा, बस."

इंजिनियर उठलेच. पंधरा मिनिटांनी ते, मावशी, दुप्पटराव आणि वाटेत सापडलेले दोन विद्यार्थी मिळून करडं कपाट ढकलत होते. मागे दार होतं. कडी गंजलेली, पण दार धड. दुप्पटराव एकतीस नाही तरी सव्वीस वर्षं त्या इमारतीत होते, आणि त्यांनी त्या दाराकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की हे कोणाच्या मंजुरीने आलं. इंजिनियरांनी बाहेर जाऊन जमीन मोजली, चढ मोजला, आणि आल्यावर त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. इथे रॅम्प छोटा होणार होता, आठ महिन्यांच्या जागी अडीच महिन्यांत. पुढचं दार चालू राहणार, कोणी कुठे हलायचं नाही, खोकी नाहीत, मोहोर नाही.

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

"आणि दांडा?" त्यांनी विचारलं. एवढं मिळाल्यावर आणखी मागायला त्यांना संकोच वाटत होता.

"दांडा किरकोळ दुरुस्तीत येतो," इंजिनियर म्हणाले. "त्याला मंजुरीच लागत नाही. मला एक चिठ्ठी पाठवली असती तर चार दिवसांत लावून दिला असता." मग ते दुप्पटरावांकडे वळले. "अख्खा."

त्या दिवशी दुप्पटराव बराच वेळ बेसिनपाशी उभे असलेले पुष्कळांनी पाहिले. संध्याकाळी त्यांनी छत्र्या काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि एका ओळीची चिठ्ठी लिहिली. एक नळ हवा आहे.

मावशी बाईंकडे गेल्या. "बाई, तो अर्ज माझा होता," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," बाई भिंगातून नजर न काढता म्हणाल्या. "अक्षर कुणाचंही असो. त्या पायऱ्या रोज मोजणारं दुसरं कोण आहे इथे?"

विद्यापीठाचा एकुलता वेल्डर रजेवर होता, म्हणून दांडा लावायला तो आला ते बरोबर मावशींच्या नोकरीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, दुपारी. त्याने नळी, यंत्र आणि काळा चष्मा पायरीवर मांडला.

"उंची किती ठेवू? तीन फूट असते नेहमी."

मावशींना आकडा माहीत नव्हता. त्या पायरीशी गेल्या, रोज जिथे उभ्या राहत तिथे उभ्या राहिल्या, आणि कोपरात हात वाकवून धरला. "एवढी," त्या म्हणाल्या.

वेल्डरने त्यांच्याकडे बघितलं, मग बघायला आलेल्या इंजिनियरांकडे. इंजिनियर म्हणाले, "घे की माप." मावशींच्या पिशवीत यजमानांची टेप तशीच पडून होती. एक टोक जमिनीवर, दुसरं मावशींच्या मनगटाशी. दोन फूट दहा इंच. पहिल्या पायरीला मोजलं, मधलीला मोजलं, तिसरीला मोजलं. मधल्या पायरीवर मावशींचा हात जरा खाली यायचा, कारण ती उंच आहे हे त्यांच्या हाताला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं. वेल्डरने तिथे नळीला तेवढाच बाक दिला. कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं की हा दांडा इथे असा का वाकलाय.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला भाच्याची गाडी थांबली. मावशी पायरीशी नव्हत्या. त्या वर दारात उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे धरून, कारण पुढे ठेवले असते तर ते आपोआप वाकले असते. दुप्पटराव आतल्या खिडकीतून बघत होते आणि आपण बघत नाही असं दाखवत होते.

बाईंनी दांडा पाहिला. पंजा टेकला. पहिली पायरी चढल्या. दुसरी चढल्या, हात बरोबर त्या बाकावर आला, आणि त्या थांबल्या. बोटांनी त्यांनी नळी चाचपली, नेहमी गवताचं पान चाचपत तशी. मग मान वर करून मावशींकडे पाहिलं.

"माप तुझंच आहे," बाई म्हणाल्या. "पण हा काही विचारत नाही गं."

मावशींना आधी कळलं नाही. मग कळलं.

"बाई, झोप लागली का?"

नऊ वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं. बाई दांड्याला धरून उभ्या होत्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आज नाही लागली."

आणि तिसरी पायरी त्या एकट्या चढल्या.